लेडी एडा लव्हलेस

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतून दर वर्षीं कितीएक विद्यार्थी शालेय शिक्षण पुरें करून महाविद्यालयांत जातात; कांहीं जवळच राहतात, कांहीं पुण्याची वाट धरतात. त्यांतील पुष्कळांस पहिल्याच वर्षीं संगणकाची आज्ञावली कशी लिहावी याचे प्रारंभींचे पाठ घ्यावे लागतात, आणि त्या ओघांत एका इंग्रज सरदारपत्नीचें नांव त्यांच्या कानांवर येतें. ही बाई कोण, तिला हें ज्ञान कोणीं दिलें, आणि तें मिळवितांना तिला काय सोसावें लागलें, याची चौकशी मात्र फारसें कोणी करीत नाहीं. म्हणून तिचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

एडा हिचा जन्म लंडन शहरीं १० डिसेंबर १८१५ रोजीं झाला. तिचा पिता लॉर्ड बायरन हा त्या काळचा अत्यंत प्रख्यात कवि. परंतु त्याचें वर्तन उच्छृंखल होतें आणि त्याचा संसार एका वर्षांतच मोडला. मुलगी सुमारें पांच आठवड्यांची असतांना तिची आई तिला घेऊन माहेरीं गेली. बायरननें एप्रिल १८१६ मध्यें इंग्लंड सोडलें तें कायमचेंच, व १८२४ सालीं ग्रीस देशांत तो वारला. बापलेकींची पुन्हां भेट झाली नाहीं. बापाचें कल्पनावेड मुलींत उतरूं नये या धास्तीनें आईनें तिला लहानपणींच गणिताच्या हवालीं केलें. आई स्वतः गणिताची जाणती होती. कवित्वावर गणिताचा उतारा चालतो कीं काय, याविषयीं आम्हांस शंका आहे; निदान या मुलीच्या बाबतींत तरी तो चालला नाहीं. वयाच्या बाराव्या वर्षीं तिनें पक्ष्यांच्या पंखांचा अभ्यास करून उडतें यंत्र बनविण्याचा घाट घातला होता! पुढें गोवर येऊन ती अशी लुळी झाली कीं, पुष्कळ दिवस अंथरुणास खिळून राहिली, आणि त्यानंतरही कित्येक महिने कुबड्यांवांचून तिला चालवेना.

जून १८३३ मध्यें, म्हणजे सतरा वर्षांची असतां, चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाशीं तिचा परिचय झाला. गणिताचीं कोष्टकें मनुष्याच्या हातून चुकतात, म्हणून तीं यंत्राकडून करून घ्यावीं या खटपटींत हा गृहस्थ होता, व त्या यंत्राचा एक भाग त्यानें आपल्या घरीं मांडला होता. इतर पाहुणे त्याकडे नवलाची वस्तु म्हणून पाहत. या मुलीनें त्याची रचना समजून घेतली. १८३५ सालीं तिचा विवाह विल्यम किंग याच्याशीं झाला. त्यास १८३८ मध्यें अर्ल ऑफ लव्हलेस ही पदवी मिळाली, आणि १८३९ पर्यंत एडा तीन मुलांची आई झाली.

येथें बहुतेक स्त्रियांचें शिक्षण संपतें. हिचें खरें शिक्षण येथूनच सुरू झालें. त्या काळीं इंग्लंडांतील एकाही विश्वविद्यालयाचा दरवाजा स्त्रियांस उघडा नव्हता. तेव्हां १८४० सालीं लंडन येथील प्राध्यापक ऑगस्टस डी मॉर्गन यांनीं तिला टपालानें शिकविण्याचें पत्करलें. हे डी मॉर्गन १८०६ सालीं आपल्या हिंदुस्थानांतच, मदुरा येथें जन्मले होते, हें आमच्या वाचकांस ऐकून कौतुक वाटेल. शिष्या पत्रांतून शंका विचारी व गुरु पत्रांतूनच उत्तर देई. हीं पत्रें आजही उपलब्ध आहेत. तीं वाहवा मिळविणाऱ्या बुद्धिमान मुलीचीं नव्हेत. बीजगणितांतील एखाद्या साध्या समीकरणापाशीं ती अडे, आपण अडलों असें स्पष्ट लिही, आणि मुळाशीं गेल्यावांचून पुढें सरकण्यास नकार देई. पुढें १८४४ मध्यें गुरुजींनीं तिच्या आईस कळविलें कीं, हिची विचारशक्ति असामान्य आहे खरी, परंतु एवढा बौद्धिक श्रम स्त्रीच्या शरीरास झेपेल किंवा नाहीं याची आपणांस काळजी वाटते. आपलें हें मत त्यांनीं शिष्येस मात्र सांगितलें नव्हतें, आणि तिचे पाठ त्या भीतीपायीं कधीं बंद केले नाहींत, हेंही नमूद केलें पाहिजे. आपल्या पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांची मुलींची शाळा निघाली ती १८४८ मध्यें. तेव्हां हा प्रश्न लंडनमध्येंही सुटलेला नव्हता असें दिसतें.

मध्यंतरीं बॅबेजनें पहिलें यंत्र अर्धवट टाकून दुसऱ्या, अधिक विलक्षण यंत्राची आखणी केली होती. त्यांत आंकडे सांठविण्यास कोठार व आंकडेमोड करण्यास गिरणी असे दोन भाग होते, आणि कोणती क्रिया केव्हां करावयाची हें छिद्रें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून यंत्रास कळावयाचें होतें. ही युक्ति विणकामांतून घेतलेली. दौंडहून आगगाडीनें दक्षिणेकडे गेलें म्हणजे सोलापूर लागतें. तेथील चादरींवर ज्या जेकार्डच्या मागानें वेलबुट्टी उमटते, त्याच मागाचे हे पुठ्ठे होत. पुठ्ठे बदलले कीं नक्षी बदलते, माग तोच राहतो. यंत्राची आणखी एक खुबी अशी कीं, हातीं आलेलें उत्तर पाहून तें पुढची वाट स्वतः बदलूं शके. दौंडच्या जंक्शनांत सांधा फिरला कीं गाडी सोलापूरकडे न जातां मनमाडकडे वळते, तसेंच हें.

या यंत्रावर मेनाब्रेआ नांवाच्या इटालियन एंजिनियरानें १८४२ सालीं फ्रेंच भाषेंत निबंध लिहिला. एडानें त्याचें इंग्रजी भाषांतर केलें व त्यास सात टिपा जोडल्या. या टिपा मूळ निबंधाच्या जवळजवळ तिप्पट झाल्या! शेवटच्या टिपेंत बर्नुली संख्या काढण्याचा क्रम पंचवीस पायऱ्यांच्या कोष्टकानें मांडला आहे, आणि त्यांतील कांहीं पायऱ्या यंत्रानें पुन्हां पुन्हां कराव्या अशी योजना आहे. हें यंत्र केवळ आंकड्यांपुरतें नसून, संगीतांतील स्वरांचे संबंध चिन्हांत मांडतां आले तर तें स्वररचनाही करील, ही तिची कल्पना. तथापि यंत्र स्वतः होऊन कांहीं नवें निर्माण करीत नाहीं, असेंही तिनें बजावलें. या मताचें खंडन करण्यास ॲलन ट्यूरिंग यांस १९५० सालीं लेखणी उचलावी लागली.

पुस्तक छापण्याच्या वेळीं गुरुतुल्य बॅबेजशींच तिचा खटका उडाला. सरकारनें आपलें साहाय्य तोडलें याचें गाऱ्हाणें त्यास तिच्या लेखाबरोबर निनांवी छापावयाचें होतें. तिनें साफ नकार दिला, आणि १८४३ सालीं लेख तिच्या तीन आद्याक्षरांनिशीं प्रसिद्ध झाला.

पुढील वर्षें सुखाचीं नव्हतीं. घोड्यांच्या शर्यतींवर पैज लावण्याच्या नादानें ती कर्जांत बुडाली व घराण्याचे दागिने तिनें गहाण टाकले. चरित्रकारानें हें झांकूं नये असें आम्हांस वाटतें. अखेर कर्करोगाच्या असह्य वेदना भोगून २७ नोव्हेंबर १८५२ रोजीं, बापाप्रमाणेंच वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, ती निवर्तली. तिच्या इच्छेनुसार हकनॉल येथील देवळांत तिला बायरनच्या शेजारीं पुरलें. जन्मभर ज्याला पाहिलें नाहीं, त्याच्याजवळ!

यंत्र तर बांधलेंच गेलें नाहीं. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें एका संगणकभाषेस एडा हें नांव दिलें व १९८० मध्यें तिच्या प्रमाणपत्रकास तिच्या जन्मसालाचा १८१५ हा अंक घातला. तिला पहिली आज्ञावलीकार म्हणावें कीं नाहीं, यावर पंडितांत वाद आहे. कारण बॅबेजनें तशीं कांहीं टिपणें तिच्या आधींच केलीं होतीं, आणि बर्नुली संख्यांचें बीजगणितही त्यानेंच पुरविलें होतें. मात्र त्यांतील एक मोठी चूक एडानेंच हुडकून त्यास परत पाठविली, हें बॅबेजनें स्वतःच मान्य केलें आहे. आणि छापील कोष्टक जसेंच्या तसें संगणकावर घातलें तर चौथ्या पायरीवर गणित बिघडतें: तेथें भाज्य व भाजक यांची अदलाबदल झाली आहे. ती तिच्या हातून झाली कीं खिळे जुळविणाराच्या, हें आजवर कोणास ठरवितां आलेलें नाहीं.