काटाजोड लावणारा राजा

अबू हमूरमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला व्यावसायिक मुष्टियुद्ध आता परके राहिलेले नाही. कतारशी या खेळाचे नाते जुने आहे. १९७१ मध्ये मुहम्मद अली दोहा स्टेडियमवर प्रदर्शनीय लढतीसाठी उतरला होता, तर २०१५ ची जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धा दोह्यातच भरली आणि तीत भारताच्या शिव थापाने कांस्यपदक मिळवले. शेजारच्या रियाधमध्ये १८ मे २०२४ रोजी ओलेक्सांद्र उसिक आणि टायसन फ्युरी समोरासमोर आले. हेवीवेट गटाचा निर्विवाद जगज्जेता ठरण्यासाठी १९९९ मधील लेनॉक्स लुईसच्या विजयानंतर जवळजवळ पाव शतक वाट पाहावी लागली होती. खेळाडू होते, पट्टे होते, पैसाही होता. रखडत होती ती गाठ. म्हणूनच या खेळाच्या चाहत्यांचे वाद कोण श्रेष्ठ या प्रश्नावर सुरू झाले, तरी ते अखेर कोणाची लढत कोणाशी लावली आणि कोणाची टाळली यावर येऊन ठेपतात.

मराठी मुलखाला हा वाद नवा नाही. कुस्तीच्या भाषेत त्याला जोड लावणे म्हणतात, आणि दोन्ही बाजू तोलून काटा मध्यावर राहील अशी जोड ती काटाजोड. जोड लावण्याच्या या विद्येला राजाश्रय देणारा आणि तिच्यातील न्याय आखाड्याबाहेरही ओळखणारा एक राजा कोल्हापुरात होऊन गेला. राजर्षी शाहू छत्रपतींचे स्मरण समाजसुधारक म्हणून होते आणि ते योग्यच आहे. परंतु मल्लविद्येचे दर्दी शाहू बाजूला ठेवले, तर सुधारक शाहूही पुरते उमगत नाहीत.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात आणि पुढे धारवाड येथे फ्रेझर यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. धिप्पाड देहाच्या या तरुण राजाने तालमीची माती स्वतः अंगाला लावली होती. डाव कुठे फसला आणि पकड कुठे सैल पडली हे त्यांना प्रेक्षकाच्या नव्हे, तर मल्लाच्या डोळ्यांनी दिसत असे.

त्या काळी पैलवानी हा पूर्णवेळ पेशा होता. दूध, तूप, बदाम यांचा खुराक, पहाटेची मेहनत, वस्तादाची शिकवण, यांपैकी काहीही गरिबाच्या मुलाला स्वतःच्या बळावर परवडणारे नव्हते. एक मल्ल उभा करायचा म्हणजे वर्षानुवर्षे एका माणसाचा संसार उचलायचा. महाराजांनी तो भार दरबारावर घेतला. कोल्हापुरातील तालमींना आश्रय मिळाला, मल्लांना खुराक सुरू झाला आणि उत्तरेतील, विशेषतः पंजाबातील, नामांकित पैलवानांची पावले कोल्हापूरकडे वळली. त्यांच्या सहवासात स्थानिक पोरे नवे डाव शिकली आणि आपली ताकद कोठवर आहे, हेही त्यांना कळले. आपल्याहून सरस असलेल्याशी अंग भिडल्याखेरीज मल्ल घडत नाही, हे वस्तादांचे जुने शहाणपण त्यामागे होते.

मैदानातील कुस्त्यांना एक क्रम असतो. आरंभी रेवडीवरच्या कुस्त्या, म्हणजे लहान मुलांच्या. मग हळूहळू इनाम वाढत जाते आणि दिवस कलताना मानाची जोड लागते. पंच दोघांना शेजारी उभे करून उंची, बांधा, वय आणि पूर्वीची कामगिरी पाहतात. थोराशी पोर लावले तर लोक ओरडतात. कुस्ती सुरू होण्याआधीच ती खोटी ठरते. निकाल काय लागेल हे सर्वांना आधीच ठाऊक असेल, तर त्या झुंजीला कुस्ती म्हणावे कशासाठी? मराठी प्रेक्षकाची ही जाण कोणत्याही नियमपुस्तकापेक्षा जुनी आहे.

१९०२ हे साल महाराजांच्या चरित्रात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते त्या वर्षी इंग्लंडला गेले. या प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन वर्तुळाकार क्रीडागार पाहिले आणि कोल्हापुरात कुस्तीसाठी तसे मैदान उभारण्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली. त्याच काळात, ते परदेशी असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी करवीर दरबाराचा तो प्रसिद्ध हुकूम निघाला. संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांनी भरण्याची तरतूद त्यात होती. १८९४ मध्ये संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० एकाच जातीचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या हुकमाची निकड कळते.

रोममध्ये सुचलेल्या कल्पनेतून खासबाग मैदान उभे राहिले आणि १९१२ मध्ये ते कुस्तीसाठी खुले झाले. मधोमध लाल मातीचा हौदा आणि त्याभोवती चढत जाणारी गोलाकार बैठक, अशी त्याची रचना आहे. हजारोंच्या गर्दीत सर्वांत मागे बसलेल्या शेतकऱ्यालाही मल्लाच्या पायाची चाल दिसावी, मध्ये खांब किंवा कोणाचे डोके येऊ नये, याची काळजी त्यात घेतलेली आहे. पहिल्या मोठ्या कुस्तीसाठी इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन अशी जोड लागली.

या इमामबक्षची आणि त्याचा थोरला भाऊ गामा याची कथा त्या काळातील जोडींचे राजकारण उलगडून दाखवते. १९१० मध्ये दोघे भाऊ लंडनला गेले. तेथे गामाची उंची पाहून त्याला आरंभी मोठ्या स्पर्धेत घेतलेच नाही. मग त्याने उघड आव्हान दिले, अमेरिकेच्या रोलरला हरवले आणि १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडच्या झ्बिश्कोशी त्याची गाठ पडली. झ्बिश्को दोन तासांहून अधिक काळ जमिनीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवडाभराने फेरलढत ठरली, पण झ्बिश्को आलाच नाही. इमामबक्षने त्याच दौऱ्यात स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला धूळ चारली. पुढे १९२८ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी गामा आणि झ्बिश्को यांना पुन्हा समोरासमोर आणले, तेव्हा मिनिटाच्या आत निकाल लागला. अठरा वर्षे अडलेला प्रश्न सोडवायला एक मिनिट पुरले, कारण कोणीतरी ती जोड लावण्याची जबाबदारी घेतली.

शाहू महाराजांनी घेतलेली जबाबदारी याहून अवघड होती. ज्यांना हौद्यात उतरण्याची वाटच नव्हती, त्यांना त्यांनी ती मोकळी करून दिली. अस्पृश्य मानलेल्या जातींतील तरुण मल्ल म्हणून पुढे येऊ लागले, तेव्हा जातीच्या नावाने त्यांची हेटाळणी होऊ नये म्हणून महाराजांनी त्यांना नवी नावे दिली. महार मल्ल जाठ पैलवान झाले, चर्मकार मल्ल सरदार झाले आणि सफाईचे काम करणाऱ्या समाजातील मल्लांना पंडित म्हटले जाऊ लागले. नाव बदलल्याने जात जात नाही, हे त्या राजाला कळत नव्हते असे नाही. परंतु मैदानात नाव पुकारले जाते तेव्हा हजारो लोक ऐकत असतात. एकाच मातीत पाठीला पाठ लागली की शिवाशिवीचा नियम कोठवर टिकणार, हा प्रश्न त्यांनी व्याख्यान न देता लोकांसमोर ठेवला.

राखीव जागांच्या धोरणाविषयी सांगितली जाणारी एक कथा याच वृत्तीची आहे. सांगलीचे अभ्यंकर वकील या धोरणावर आक्षेप घेत होते. पात्रतेखेरीज दुसरा निकष असू नये, असे त्यांचे म्हणणे होते. महाराज त्यांना पागेत घेऊन गेले. घोड्यांच्या तोंडाला बांधलेले तोबरे सोडून सगळे हरभरे एका जाजमावर ओतायला लावले. धट्टीकट्टी जनावरे पुढे घुसली आणि दुबळी, म्हातारी, शिंगरे मागे ताटकळत राहिली. ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यामागे मल्लविद्येची नजर आहे, इकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. खुराक न मिळालेल्या पोराला तयार गड्यासमोर उभे करून त्याच्या पराभवाला त्याची अपात्रता म्हणणे, हे आखाड्यात कोणीही मान्य करणार नाही. तेच दफ्तरात आणि शाळेत का मान्य करावे? १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, १९१८ मध्ये गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद केली. या निर्णयांमागेही तोच हिशेब होता.

या व्यवस्थेला मर्यादाही होत्या. मल्लाचे पोट राजाच्या मर्जीवर होते. गादीवरचा माणूस बदलला तर खुराकाचे काय, याला उत्तर नव्हते. १९१८ मध्ये धाकटे पुत्र शिवाजी शिकारीतील अपघातात गेले आणि महाराज आतून खचले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पैलवानांचा भार गावांच्या जत्रांवर, वर्गणीवर आणि पुढे सहकारी संस्थांवर आला.

तरीही लावलेले झाड फळत राहिले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी आणि येथील मातीत घडलेला मल्ल खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेला आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन परतला. त्याच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवले होते. राजा नसलेल्या काळात राजाचे काम एका शिक्षकाने केले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागेला लागून असलेले, महाराजांनीच उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले आणि मैदानालाही त्याची झळ पोचली. अबू हमूरच्या इंडियन कल्चरल सेंटरपासून तेथील शाळांपर्यंत आज भारतातील नाना प्रांतांची मुले एकत्र वाढत आहेत, आणि त्यांना हेवीवेट जगज्जेत्यांची नावे तोंडपाठ असतील. त्या नावांच्या जोडीला खासबागेचे नावही त्यांच्या कानी पडावे. मोठ्या लढतीचा दिवस जवळ आला की पट्टा कोणाचा, पैसा किती, याची चर्चा होतच राहील. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापूरचा राजा त्याआधी एक गोष्ट तपासत असे: दोघांनाही सारखा खुराक मिळाला आहे काय.