संयमी शिकारी : आल्डो लिओपोल्ड

मृगया हा आपल्या प्राचीन वाङ्मयातील एक परिचित प्रसंग आहे. हरणाचा पाठलाग करीत दुष्यंत राजा कण्वमुनींच्या आश्रमाजवळ येऊन पोहोचतो. हे आश्रमातील हरीण आहे, त्याला मारू नये, असे तपस्वी त्याला सांगतात आणि राजा धनुष्याला लावलेला बाण उतरवून घेतो. दशरथ राजाने मात्र अंधारात, केवळ आवाजाच्या रोखाने बाण सोडला आणि त्याच्या हातून श्रावणबाळाचा घात झाला. बाण सोडण्याचे कौशल्य दोघांपाशीही होते. पण बाण आवरण्याचा प्रसंग आला, तेव्हा एकाला ते साधले व दुसऱ्याला साधले नाही. हे दुसरे शिक्षण पहिल्याहून कठीण असते. अमेरिकेतील एका पित्याने ते आपल्या मुलाला बालपणीच दिले. तो मुलगा पुढे वन्यजीवनाचा थोर अभ्यासक आल्डो लिओपोल्ड या नावाने जगप्रसिद्ध झाला.

आल्डोचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा संस्थानातील बर्लिंग्टन या गावी झाला. हे गाव मिसिसिपी या महानदीच्या काठच्या उंच कड्यावर वसलेले आहे. कुटुंब मूळचे जर्मन वंशाचे, त्यामुळे घरात जर्मन भाषा बोलली जाई. वडील कार्ल लिओपोल्ड यांचा लिहिण्याची मेजे तयार करण्याचा कारखाना होता. मिसिसिपीच्या खोऱ्यातून वसंतात उत्तरेकडे आणि शरदात दक्षिणेकडे रानबदकांचे व हंसांचे असंख्य थवे जात. घराच्या आवारातूनही ते दिसत. अशा गावी शिकारीचा छंद नसलेला मनुष्य विरळाच. कार्ल यांनाही तो होता आणि सवड मिळताच मुलांना बरोबर घेऊन ते नदीकाठच्या दलदलीत व रानात जात.

त्या काळी तेथे शिकारीला कायद्याचे बंधन जवळजवळ नव्हते. किती पक्षी मारावेत, कोणत्या ऋतूत मारावेत, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर अवलंबून असे. बाजारात विकण्यासाठी पक्ष्यांची सर्रास कत्तल होई. दरवर्षी थवे विरळ होत चालले आहेत, हे कार्ल यांच्या ध्यानी आले. वसंतात उत्तरेकडे जाणारा पक्षी अंडी घालण्यासाठी चाललेला असतो; त्याला मारणे म्हणजे पुढच्या वर्षीचे बी खाऊन टाकणे होय, हे ओळखून त्यांनी वसंतातील शिकार स्वतःहून बंद केली. एका दिवसात किती पक्षी मारावयाचे, याचीही मर्यादा त्यांनी घालून घेतली. असा कायदा होण्यास अद्याप पुष्कळ वर्षे अवकाश होता. शेजारी बंदुका घेऊन दलदलीकडे निघत, तेव्हा कार्ल मुलांना घेऊन नुसतेच फिरावयास जात. कुजलेले ओंडके उलटून त्यांखालील जीव दाखवीत, पाण्याकाठच्या प्राण्यांची घरे व पाऊलखुणा ओळखावयास शिकवीत.

आल्डो जरा मोठा झाल्यावर त्याला एकनळी बंदूक मिळाली. एका हिवाळ्यात तळे गोठून गेले होते. फक्त एके ठिकाणी थोडे पाणी उघडे राहिले होते. सारी बदके केव्हाच दक्षिणेकडे निघून गेली होती. तरीही एखादे मागे राहिलेले बदक त्या उघड्या पाण्यावर उतरेल, असा तर्क करून तो मुलगा दुपारभर बर्फावर निश्चल पडून राहिला. थंडीने अंग गारठले, पण तो हलला नाही. सूर्यास्ताच्या वेळी पश्चिमेकडून एकच बदक आले आणि ती त्याची पहिली शिकार ठरली. त्या क्षणाचा आनंद आणि बर्फावर तडफडणारे तांबडे पाय या दोहोंचे स्मरण त्याला अखेरपर्यंत राहिले. उतारवयात त्याने ते लिहूनही ठेवले.

पुढची पायरी अधिक अवघड होती. रानातील तित्तिराच्या जातीचे पक्षी मारण्याची परवानगी वडिलांनी दिली. मात्र एक अट घातली. झाडावर बसलेल्या पक्ष्यावर बंदूक झाडावयाची नाही, उडता पक्षीच टिपावयाचा. आल्डोच्या कुत्र्याचे कसब तर नेमके पक्ष्याला झाडावर चढविण्याचे! कितीदा तरी फांदीवर स्थिर बसलेला पक्षी अगदी समोर दिसे. आसपास चिटपाखरूही नसे. बार काढला असता, तर घरी कोणाला कळणारही नव्हते. परंतु मुलाने वडिलांचा शब्द मोडला नाही. जवळजवळ दोन हंगाम एकही पक्षी न मिळता गेले. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस त्याने उडता पक्षी पाडला, तेव्हाच त्याचे समाधान झाले. शिकाऱ्याच्या वागणुकीला साक्षीदार नसतो, त्याचा न्यायाधीश त्याचे मनच असते, हा विचार लिओपोल्ड यांनी पुढे आपल्या लेखनात मांडला. त्याचे मूळ या दोन रिकाम्या हंगामांत आहे.

येल विद्यापीठातून वनशास्त्राची उच्च पदवी घेऊन १९०९ साली ते सरकारी वनखात्यात रुजू झाले आणि अॅरिझोना प्रांतातील डोंगराळ अरण्यात त्यांची नेमणूक झाली. बंदूक चालविणाऱ्या बावीस वर्षांच्या तरुणाला हे रान म्हणजे स्वर्गच वाटला. त्याच वर्षी सहकाऱ्यांसह ते एका कड्यावर बसले असता खाली नदी ओलांडून येणारी एक लांडगी व तिची वाढलेली पिल्ले दिसली. लांडगा दिसला की मारावयाचा, हा तेव्हाचा रिवाज होता. लांडगे कमी झाले म्हणजे हरणे वाढतील आणि लांडगे नाहीसे झाले म्हणजे शिकाऱ्यांचे नंदनवन होईल, असा सर्वांचा समज होता. लिओपोल्ड यांचाही होता. सर्वांनी बंदुका झाडल्या. लांडगी कोसळली. ते जवळ पोहोचले, तेव्हा तिच्या डोळ्यांतील हिरवे तेज मावळत होते. ते दृश्य मनात रुतून बसले खरे, परंतु त्याचा अर्थ उमगण्यास पुष्कळ काळ जावा लागला. त्यानंतरही कित्येक वर्षे ते हिंस्र श्वापदांच्या निर्मूलनाचा पुरस्कार करीत राहिले. वडिलांनी पक्ष्यांबाबत शिकविलेला संयम त्यांनी अद्याप लांडग्यांना लागू केला नव्हता.

१९१२ साली एस्टेला बर्गेरे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी दूरच्या दौऱ्यात पावसात व थंडीत सापडून त्यांना मूत्रपिंडाचा गंभीर विकार जडला. प्राणावरचे संकट टळले, परंतु वर्षाहून अधिक काळ त्यांना विश्रांती घ्यावी लागली. त्यातून उठत असतानाच, १९१४ च्या डिसेंबरात, वडिलांचा मृत्यू झाला. बरे झाल्यावर लिओपोल्ड पुन्हा कामाला लागले. हीला नदीच्या उगमाकडील सुमारे साडेसात लक्ष एकरांचे अरण्य रस्ते व इमारती यांपासून मुक्त ठेवावे, असा त्यांनी आग्रह धरला आणि १९२४ साली वनखात्याने तो मान्य केला. त्याच वर्षी ते विस्कॉन्सिन संस्थानातील मॅडिसन येथे राहावयास गेले.

त्यांना पाच अपत्ये झाली : स्टार्कर, लूना, नीना, कार्ल व एस्टेला. आता वडिलांच्या जागी ते स्वतः होते. या सुमारास त्यांना धनुर्विद्येचा नाद लागला. घरातील सर्वांची धनुष्ये व बाण ते स्वहस्ते तासून तयार करीत. त्यांच्या पत्नीही उत्तम नेमबाज झाल्या. १९२९ च्या नोव्हेंबरात सोळा वर्षांच्या स्टार्करला बरोबर घेऊन ते हीलाच्या अरण्यात हरणांच्या शिकारीला गेले, तेही बंदुका न घेता, धनुष्यबाण घेऊन. धनुष्याने हरीण मारावयाचे, तर त्याच्या अगदी जवळ जावे लागते. वारा कोणीकडचा आहे, पायाखालचे पान वाजेल काय, हरीण कोणत्या वेळी कोणत्या उतारावर चरते, हे सारे जाणावे लागते. आणि इतके करूनही बहुधा रिकाम्या हातांनीच परतावे लागते. मुलाला रान वाचावयास शिकविण्याचा याहून चांगला मार्ग त्यांना दुसरा दिसला नसावा.

त्या अरण्यात एक विपरीत गोष्ट घडत होती. श्वापदे मारली गेल्यामुळे हरणांची संख्या बेसुमार वाढली होती. हरणे कोवळे अंकुर व रोपे खातात. ती फार झाली, म्हणजे तोंड पोहोचेल तेथवरचा पाला फस्त होतो, नवे झाड उगवत नाही आणि अखेर हिवाळ्यात हरणेच उपासमारीने मरतात. उघड्या झालेल्या उतारांवरून मातीही वाहून जाते. जास्तीची हरणे मारण्यासाठी शिकाऱ्यांना आत जाता यावे, म्हणून लिओपोल्ड यांनी अभंग राखावयास लावलेल्या त्याच अरण्यातून रस्ता काढावा लागला! पुढे १९३७ च्या डिसेंबरात ते स्टार्कर व आपले बंधू यांच्यासह मेक्सिकोतील सिएरा माद्रे पर्वतात, गाविलान नदीच्या काठी शिकारीला गेले. तेथे लांडगे व पहाडी सिंह अद्याप होते आणि हरणेही होती. पण हरणे धष्टपुष्ट, गवत दाट व पाणी निर्मळ होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्या मावळत्या डोळ्यांचा अर्थ आता त्यांना पुरता कळला. हरीण जसे लांडग्याच्या भयाने जगते, तसा डोंगर हरणांच्या भयाने जगतो, हे सत्य त्यांनी पुढे १९४४ साली एका निबंधात मांडले आणि आपली जुनी चूक त्यात उघडपणे कबूल केली.

दरम्यान १९३३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात ते वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले होते. ज्या कुऱ्हाडीने, नांगराने, गुरांनी, अग्नीने व बंदुकीने वन्य प्राण्यांचा नाश केला, त्याच साधनांचा विवेकाने उपयोग केल्यास त्यांची पुन्हा वाढ करता येईल, असे त्यांच्या ग्रंथाचे प्रतिपादन होते. या विवेकाची कसोटी १९४३ साली लागली. विस्कॉन्सिनच्या उत्तर भागात हरणे उपाशी मरत होती. हरिणींचीही शिकार करून संख्या घटवावी, असे लिओपोल्ड यांनी निक्षून सांगितले. लोकांना ते क्रौर्य वाटले. वृत्तपत्रांतून त्यांच्यावर कठोर टीका झाली, परंतु ते आपल्या मतापासून ढळले नाहीत. बंदूक आवरण्यास जसे मनोधैर्य लागते, तसे ती उचलणे आवश्यक आहे असे लोकांना सांगण्यासही लागते. दोन्ही वेळी त्यांनी लोकांच्या वाहवेपेक्षा रानाच्या हिताकडेच पाहिले.

१९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठची एक ओसाड, नापीक झालेली शेतजमीन विकत घेतली. तेथील कोंबड्यांचे जुने खुराडे दुरुस्त करून त्यात सारे कुटुंब सुट्टीच्या दिवशी राही. दर वसंतात मुलांसह त्यांनी तेथे हजारो पाइन वृक्षांची रोपे लावली. माती, पाणी, वनस्पती व प्राणी या सर्वांचा मिळून एक समाज आहे आणि मनुष्य त्याचा धनी नसून एक सभासद आहे, हा त्यांचा भूमिधर्माचा सिद्धांत या जागेच्या सहवासात परिपक्व झाला. २१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातील गवताला आग लागली. ती विझविण्यास ते धावले असता हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. त्यांच्या निबंधांचा संग्रह छापण्याचे प्रकाशकांनी त्यापूर्वी एकच आठवडा मान्य केले होते. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाच्या पुढे लक्षावधी प्रती खपल्या.

हीलाच्या रानात पित्यामागून पाऊल न वाजविता चालणारा स्टार्कर पुढे नामांकित प्राणिशास्त्रज्ञ झाला. राष्ट्रीय उद्यानांतील वन्यजीवांविषयी १९६३ साली त्याच्या अध्यक्षतेखाली तयार झालेला अहवाल फार महत्त्वाचा मानला जातो. लूनाने नद्यांचा, कार्लने वनस्पतींच्या जीवनक्रियांचा, एस्टेलाने प्राचीन परागकणांचा अभ्यास केला. नीनाने वडिलांच्या त्या शेतावर ऋतुमानाच्या नोंदी पुढे चालू ठेवल्या.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणांची शिकार हा गुन्हा ठरविला आहे आणि ते योग्यच आहे. आपल्यापैकी कोणावर फांदीवरील पक्ष्यावर नेम धरण्याचा प्रसंग येणार नाही. परंतु कोणी पाहत नसताना हात आवरण्याचे प्रसंग परीक्षेच्या दालनात, नळाच्या तोटीपाशी, रस्त्याकडेच्या झाडाखाली रोजच येतात. कार्ल लिओपोल्ड यांनी मुलाला बंदुकीबरोबर जी अट दिली, ती बंदुकीपेक्षा मोलाची होती. बंदूक केव्हाच जुनी होऊन गेली. ती अट मात्र तीन पिढ्यांना पुरली.