डॉ. आनंदीबाई जोशी : यश आणि वेदना

पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी संपादन करणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांची गणना होते. त्यांच्या जिद्दीची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. परंतु घराच्या चार भिंतींआड त्यांनी जे सोसले, त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. त्यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यात झाला व बालपण कल्याणला गेले. आईचा धाक मोठा होता. रागाच्या भरात ती हाती येईल त्या वस्तूने मुलीला मारीत असे. १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, यमुनेचा विवाह टपाल खात्यातील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर होते आणि तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीला शिकवू द्यावे, ही त्यांची विवाहापूर्वीची अट होती.

स्त्रीशिक्षणाचा असा ध्यास त्या काळी दुर्मीळ होता. मात्र गोपाळरावांचा स्वभाव अत्यंत तापट होता. दहा वर्षांच्या पत्नीला त्यांनी लाकडाच्या तुकड्यांनी मारले. ती बारा वर्षांची असताना तिच्या अंगावर खुर्च्या व पुस्तके फेकली. चौदाव्या वर्षी तिला सोडून जाण्याची धमकी दिली. त्याच सुमारास आनंदीबाईंना पुत्र झाला, पण तो अवघे दहा दिवस जगला. स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर असावी, हा त्यांचा निर्धार या दुःखाने दृढ झाला.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम.डी. ही पदवी मिळवली.

अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी बालवयातील या माराची आठवण करून दिली. त्या वागणुकीमागचा हेतू चांगला होता, हे त्यांनी मान्य केले. परंतु लहान मुलीच्या मनावर होणाऱ्या परिणामाचा विचार करता ती अयोग्य होती, असेही त्यांनी बजावले. पतीपुढे बोलण्याचा अधिकार स्त्रीला नसतो, तिने निमूटपणे सोसावे एवढेच अपेक्षित असते, ही खंतही त्यात व्यक्त झाली. पतीचे ऋण मानणाऱ्या स्त्रीने त्याचा दोषही संयमाने दाखवून द्यावा, हे त्या काळी मोठेच धाडस होते.

कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. परंतु क्षयाने जर्जर होऊन त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पूर्ण होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आनंदीबाईंच्या काळी अशा स्त्रीला दाद मागण्यासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. १९८३ साली पती व सासरच्यांकडून होणारा छळ हा गुन्हा ठरवण्यात आला. २००५ साली संमत झालेला कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. शारीरिक मारहाणीबरोबरच मानसिक, लैंगिक व आर्थिक छळही त्यात हिंसाचार मानला आहे. माहेरी होणाऱ्या छळापासूनही तो संरक्षण देतो आणि स्त्रीचा घरात राहण्याचा हक्क मान्य करतो. शिस्तीसाठी, भल्यासाठी किंवा प्रेमापोटी मारले, ही सबब आजही अनेक घरांत पुढे केली जाते. ती सबब आनंदीबाईंनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच तपासली होती आणि अपुरी ठरवली होती.