आकाशवाणीवर पेटीला बंदी होती आणि पेटीवेडे पुलं तिथेच नोकरी करत होते

पु. ल. देशपांडे म्हटलं की बटाट्याची चाळ, नारायण, रावसाहेब, पेस्तनकाका असं सगळं एकदम डोळ्यांसमोर येतं. पण पुलंना जवळून ओळखणारे लोक आधी त्यांच्या पेटीची आठवण काढायचे. पेटी म्हणजे हार्मोनियम. मैफल कुणाचीही असो, पुलं पेटीपाशी जाऊन बसले की तास कसे जायचे ते कळायचं नाही.

गंमत अशी की ज्या आकाशवाणीत पुलंनी नोकरी केली, तिथे याच पेटीला दार बंद होतं. थोडीथोडकी नाही, १९४० पासून १९७१ पर्यंत.

असं का झालं, हे समजून घ्यायला पेटीचीच कुंडली बघावी लागते. हे वाद्य मूळचं युरोपातलं. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ या कारागिराने १८४२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तिकडे ते पायाने भाता मारून वाजवायचे. आपल्याकडचे गवई बैठक मारून गाणार, मग पायाने भाता मारणार कोण? कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची सुटसुटीत पेटी बनवली आणि ती देशभर पसरली. महाराष्ट्रात तर संगीत नाटकांनी तिला डोक्यावर घेतलं. गोविंदराव टेंबे यांच्यासारखे वादक पेटीमुळेच घराघरात पोचले.

पण जाणकारांची तक्रार होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. आपला गवई सा वरून रे वर जाताना मधली वाट घसरत जातो. त्याला मींड म्हणतात. सारंगीवर ती निघते, कारण तिथे बोट तारेवरून सरकवता येतं. पेटीत एक पट्टी सोडून दुसरी दाबायची, मधलं काही नाही. शिवाय पट्ट्यांचे सूर पाश्चात्त्य पद्धतीने आधीच ठरवून टाकलेले. दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचं काम बघणाऱ्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने १९३८ मध्ये पेटीविरुद्ध लेखच लिहिला. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी नको होती. शेवटी मार्च १९४० मध्ये रेडिओवरून पेटी बाहेर गेली.

त्या वेळी पुलं विशीत होते.

८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत गावदेवीला जन्मलेले पुलं वाढले जोगेश्वरी आणि पार्ल्यात. आजोळ लिहिण्यावाचण्याचं. आजोबा वामन मंगेश दुभाषी, म्हणजे ऋग्वेदी, यांनी टागोरांची गीतांजली मराठीत अभंगांमध्ये आणली होती. टागोरांची भक्ती पुलंकडे घरातूनच आली. पुढे पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी शांतिनिकेतनात जाऊन बंगालीचे धडे गिरवले. मात्र पेटीच्या बाबतीत त्यांनी गुरुदेवांचं ऐकलं नाही. लहानपणी पार्ल्याच्या टिळक मंदिरात त्यांनी साक्षात बालगंधर्वांना पेटी वाजवून दाखवली होती आणि शाबासकी मिळवली होती. एकदा गंधर्वांची शाबासकी मिळाल्यावर मुलगा कुणाचं ऐकणार?

पुढे प्राध्यापकी झाली, नाटकं झाली, सिनेमे झाले. 'देवबाप्पा'मधलं 'नाच रे मोरा' आजही बालवाडीत वाजतं, त्याची चाल पुलंची. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त तर लेखन, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, सगळं तेच. त्यानंतर त्यांनी सिनेमातून अंग काढून घेतलं आणि १९५५ मध्ये आकाशवाणीत रुजू झाले.

त्या वेळी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. इंग्रज गेले तरी पेटीवरची बंदी त्यांच्या काळात कायम राहिली. सिनेमाच्या गाण्यांवरही त्यांनी कात्री चालवली, इतकी की श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. म्हणजे बघा, सिनेमाला चाली देणारा आणि पेटीवर जीव टाकणारा माणूस अशा ठिकाणी नोकरीला, जिथे दोन्ही गोष्टी नावडत्या.

पण पुलं रुसून बसले नाहीत. 'बिल्हण' या संगीतिकेची गाणी मंगेश पाडगावकरांनी लिहिली आणि संगीत पुलंनी दिलं. जितेंद्र अभिषेकींच्या आवाजातलं 'शब्दावाचुन कळले सारे' त्यातलंच. पेटी मात्र घरी आणि मित्रांच्या बैठकीत. वसंतराव देशपांडे, कुमार गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर अशी ही मित्रमंडळी.

एवढ्यात एक नवं यंत्र आलं, टेलिव्हिजन. पुलंना प्रशिक्षणासाठी लंडनला बीबीसीत पाठवण्यात आलं. त्या प्रवासावरचं 'अपूर्वाई' सगळ्यांनी वाचलंय, पण तो प्रवास मुळात कशासाठी होता हे कमी जणांच्या लक्षात राहतं. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत भारताचं टीव्ही प्रसारण सुरू झालं. आठवड्यातून दोन दिवस, तेही थोडा वेळ. घरोघरी संच नव्हते, ठरावीक ठिकाणी ठेवलेल्या संचांपुढे लोक जमायचे. या टीव्हीचे पहिले निर्माते म्हणून पुलंचं नाव घेतलं जातं. पंडित नेहरूंची टीव्हीसाठी पहिली मुलाखतही त्यांनीच घेतली.

आज कुणी अशी खुर्ची सोडेल का? पुलंनी सोडली. १९६१ मध्ये 'बटाट्याची चाळ' एकपात्री रंगमंचावर आली, मागोमाग 'वाऱ्यावरची वरात'. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे मराठी घरांत टीव्ही आला तेव्हा हा माणूस त्या धंद्यातून बाहेर पडून दहाएक वर्षं झाली होती. सुरुवातीच्या दिल्लीतल्या त्या कामाबद्दल महाराष्ट्रात फार बोललं जात नाही, त्याचं हेही एक कारण. ते पाहायला इथे टीव्हीच नव्हता.

पेटीचा वनवास १९७१ मध्ये थोडा संपला. वरच्या श्रेणीच्या कलाकारांना साथीला पेटी घ्यायची मुभा आकाशवाणीने दिली. एकट्या पेटीचं वादन मात्र तेव्हाही बाहेरच राहिलं.

पुढे मुंबईच्या एनसीपीएची जबाबदारी पुलंकडे आली. १२ जून २००० रोजी पुण्यात पुलं गेले. १२ जूनलाच, १९४६ मध्ये, त्यांचं आणि सुनीताबाईंचं लग्न झालं होतं. घरगुती बैठकांमध्ये कुणी कुणी टेप केलेली त्यांची पेटी आता यूट्यूबवर सापडते. आवाज खरखरीत आहे, मध्येच कुणाची तरी दाद ऐकू येते, आणि ती ज्या सुरावर येते तो सूर पुलंच्या बोटांचा असतो.