विश्लेषण : संगणकाचे जनक चार्ल्स बॅबेज यांचे यंत्र अर्धवटच का राहिले? पहिला गेमिंग पीसी जोडणाऱ्यांना त्यातून काय शिकता येईल?

स्वतःच्या हाताने गेमिंग पीसी जोडायचे अनेक तरुण ठरवतात. सुट्या भागांची यादी तयार होते. तेवढ्यात नवे ग्राफिक्स कार्ड बाजारात येते आणि यादी बदलते. कार्ड बदलले म्हणून पॉवर सप्लाय बदलावा लागतो, मग कॅबिनेट लहान पडते. काही महिने जातात; घरात दोन-तीन खोकी येऊन पडलेली असतात आणि पीसी काही सुरू होत नाही. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये एका अत्यंत हुशार माणसाचे असेच झाले. फरक एवढाच, की त्याचे काही महिने गेले नाहीत, सगळे आयुष्य गेले. चार्ल्स बॅबेज यांना संगणकाचे जनक म्हटले जाते, पण त्यांनी आखलेले एकही मोठे यंत्र त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. असे का झाले?

चार्ल्स बॅबेज कोण होते?

बॅबेज यांचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडनमध्ये झाला. वडील बँकर, घरात पैशाला तोटा नव्हता. लहानपणी नवे खेळणे हातात आले की आत काय आहे, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. उत्तराने समाधान झाले नाही, तर ते खेळणे फोडून बघत. पुढे केंब्रिजमध्ये ते गणित शिकले. विद्यार्थी असतानाच जॉन हर्शेल आणि जॉर्ज पीकॉक या मित्रांसह त्यांनी तेथील जुनाट गणित-शिक्षणात सुधारणा व्हावी म्हणून मंडळ काढले. १८१६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. न्यूटन यांनी भूषवलेले केंब्रिजमधील ल्युकेशियन प्राध्यापकपद १८२८ ते १८३९ या काळात त्यांच्याकडे होते.

यंत्राची गरज का वाटली?

त्या काळी कॉम्प्युटर हा शब्द आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी वापरला जाई. जहाजांचे दिशादर्शन आणि खगोलशास्त्र हाताने केलेल्या गणिती कोष्टकांवर चालत असे. त्यांत चुका राहत आणि समुद्रात चुकीचा आकडा महाग पडे. १८२१ मध्ये हर्शेल यांच्यासह अशी कोष्टके तपासताना एकामागून एक चुका सापडल्या आणि हे काम यंत्राने व्हायला हवे, असे बॅबेज यांच्या मनाने घेतले.

त्यांच्या ‘डिफरन्स इंजिन’मागील युक्ती सोपी होती. १, ४, ९, १६ या वर्गसंख्या घेतल्या तर त्यांतील फरक ३, ५, ७ असे येतात आणि त्या फरकांतील फरक दर वेळी २ असतो. म्हणजे गुणाकार न करता फक्त बेरजा करत पुढची प्रत्येक वर्गसंख्या मिळते. बेरीज तर दातेरी चाकांनाही जमते. १८२२ मध्ये बॅबेज यांनी छोटा नमुना करून दाखवला आणि १८२३ मध्ये ब्रिटिश सरकारने पैसा देण्यास सुरुवात केली.

काम कुठे अडले?

संपूर्ण यंत्राला सुमारे २५ हजार भाग लागणार होते. हे काम जोसेफ क्लेमेंट या निष्णात कारागिराकडे होते. एकसारखे शेकडो भाग बनवणारी यंत्रे तेव्हा फारशी नव्हती. त्यामुळे आधी अवजारे घडवायची आणि मग त्यांनी भाग घडवायचे, असा क्रम होता. १८२७ हे वर्ष बॅबेज यांना अतिशय वाईट गेले. वडील, पत्नी जॉर्जियाना आणि मुलगा चार्ल्स यांचे त्याच वर्षी निधन झाले. खचलेले बॅबेज काही काळ युरोपात फिरत राहिले.

१८३२ मध्ये क्लेमेंट यांनी गणन-विभागाचा साधारण एक सप्तमांश तुकडा जोडून दिला. सुमारे दोन हजार भागांचा तो तुकडा उत्तम चालत असे. लंडनच्या घरी होणाऱ्या मेजवान्यांत बॅबेज तो पाहुण्यांना दाखवत. पण पुढच्याच वर्षी कार्यशाळा बॅबेज यांच्या घराजवळ हलवण्याच्या खर्चावरून वाद पेटला आणि क्लेमेंट यांनी काम थांबवले. अवजारांचा खर्च गिऱ्हाईकाने दिला तरी ती कारागिराचीच, असा तेव्हाचा रिवाज होता. त्यामुळे अवजारे क्लेमेंट यांच्याकडेच राहिली. सुमारे १२ हजार भाग तयार होते, पण न जोडलेले. त्यांतील बहुतेक पुढे भंगारात वितळवले गेले. १८४२ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट पील यांच्या सरकारने हा प्रकल्प सोडला, तोवर सरकारचे सुमारे साडेसतरा हजार पौंड खर्च झाले होते.

नवे यंत्र आजच्या पीसीसारखे कसे?

काम थांबलेले असताना, १८३४ मध्ये बॅबेज यांना त्याहून मोठी कल्पना सुचली. एकाच प्रकारचे गणित करणाऱ्या यंत्राऐवजी सांगू ते गणित करणारे ‘ॲनालिटिकल इंजिन’. त्यात आकडेमोड करणारा ‘मिल’ हा विभाग म्हणजे आजचा प्रोसेसर. आकडे साठवणारे ‘स्टोअर’ म्हणजे आजची रॅम. सूचना द्यायच्या त्या छिद्रे पाडलेल्या कार्डांतून; ही कल्पना जॅकार्डच्या मागावरून घेतलेली. आधीच्या उत्तरावर अवलंबून पुढची पायरी बदलण्याची सोयही त्यात होती. प्रत्येक गेममध्ये हेच घडते : शत्रू जवळ आला तर हे कर, नाहीतर ते कर.

ॲडा लव्हलेस यांनी १८४३ मध्ये या यंत्रावरील एका फ्रेंच लेखाचा अनुवाद करून त्याला सविस्तर टिपा जोडल्या. हे यंत्र आकड्यांपलीकडे, अगदी संगीतावरही काम करू शकेल, हे त्यांनी ओळखले होते. आजच्या पीसीतील ग्राफिक्स कार्डला मात्र बॅबेज यांच्या आराखड्यात जोड सापडत नाही. हजारो छोटी गणिते एकाच वेळी करणे हे त्याचे काम असते.

अडचण अशी, की बॅबेज यांचा हा आराखडाही सतत बदलत राहिला. एका भागाची अधिक चांगली रचना सुचली की आधीची मागे पडे. नवे यंत्र जुन्यापेक्षा सरस असेल, हे त्यांनी सरकारलाही कळवले. साहजिकच, मग जुन्यावर आणखी पैसा का घालायचा, असा प्रश्न सरकारला पडला.

खेळणारे यंत्र बनवायचे होते ते कशासाठी?

यंत्र आणि खेळ यांचे बॅबेज यांना पहिल्यापासून आकर्षण होते. बुद्धिबळ खेळणारा ‘तुर्क’ म्हणून गाजलेले यंत्र लंडनमध्ये आले, तेव्हा ते त्याच्याशी दोन डाव खेळले आणि दोन्ही हरले. त्या यंत्राच्या पेटीत माणूस दडलेला असे. बॅबेज यांना मात्र खरोखर खेळणारे यंत्र हवे होते.

ॲनालिटिकल इंजिनासाठी पैसा उभा करायचा म्हणून त्यांनी फुली-गोळा खेळणाऱ्या यंत्राचा विचार केला. दोन मुलांच्या बाहुल्या, एक कोकरू आणि एक कोंबडा. जिंकणारे मूल टाळ्या वाजवणार आणि कोंबडा आरवणार. हरणारे मूल रडणार आणि कोकरू बें-बें करणार. अशी यंत्रे करून तिकीट लावून दाखवायची, असा बेत होता. पण चौकशी केल्यावर कळले, की लंडनमध्ये बोलणारे यंत्र आणि लॅटिन कविता जुळवणारे यंत्र यांकडे लोक फिरकले नाहीत, गर्दी झाली ती टॉम थंब या बुटक्या कलाकाराच्या खेळांना. त्यात आपला वेळ जाईल आणि पैसाही मिळणार नाही, असा हिशेब करून त्यांनी तो बेत सोडला.

मग ते यंत्र शक्यच नव्हते का?

शक्य होते, हे आता सिद्ध झाले आहे. १८४०च्या दशकाच्या अखेरीस बॅबेज यांनी ‘डिफरन्स इंजिन क्रमांक २’चा सुटसुटीत आराखडा केला. त्याला पहिल्याच्या साधारण एक तृतीयांश भाग पुरणार होते, पण तो सरकारने स्वीकारला नाही. त्यांच्याच कल्पनेवरून स्वीडनमधील शॉइट्झ पिता-पुत्रांनी १८५३ मध्ये छोटे यंत्र पूर्ण केले आणि ते चाललेही. बॅबेज यांनी मोकळ्या मनाने त्यांचे कौतुक केले. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी बॅबेज यांचे निधन झाले. धाकटे पुत्र हेन्री ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल आर्मीत अधिकारी होते. भारतातून परतल्यावर त्यांनी वडिलांच्या यंत्राचे काम हाती घेतले आणि १९१० मध्ये ‘मिल’चा एक भाग जोडून पूर्ण केला.

लंडनच्या सायन्स म्युझियमने ‘क्रमांक २’चा गणन-विभाग मूळ आराखड्यांवरून १९९१ मध्ये, बॅबेज यांच्या द्विशताब्दीला, उभारला. भागांची अचूकता मुद्दाम बॅबेज यांच्या काळात साधता येईल एवढीच ठेवली होती. यंत्राने बिनचूक उत्तरे दिली.

आज पीसी घरी जोडता येतो, तो कशामुळे?

क्लेमेंट यांच्या कार्यशाळेत जोसेफ व्हिटवर्थ नावाचा तरुण काम करत होता. तेव्हा प्रत्येक कारखान्याच्या स्क्रूचे आटे वेगळे. एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या नटात बसत नसे. व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच माप सुचवले आणि ब्रिटनमध्ये ते रूढ झाले. आज लॅमिंग्टन रोडवर एका दुकानातून मदरबोर्ड आणि दुसऱ्यातून कॅबिनेट घेतले तरी स्क्रूची भोके जुळतात, ती १९९५ मध्ये आलेल्या एटीएक्स या मानकामुळे. जे घडवायला क्लेमेंट यांना अनेक वर्षे लागली, ते आज एका स्क्रू-ड्रायव्हरने एका दुपारी जमते. आता भाग घडवायचे नसतात, जुळणारे निवडायचे असतात.

नवख्यांनी काय करावे?

आधी यंत्राचे काम ठरवावे. कोणते गेम, कोणत्या मॉनिटरवर? १०८०पी पुरेसे असेल तर १४४०पीचे कार्ड नको. गेमिंगमध्ये खर्चाचा सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डला द्यावा, मात्र पॉवर सप्लायवर काटकसर करू नये.

दुसरे, जुळणी तपासावी. प्रोसेसरचे सॉकेट मदरबोर्डशी जुळते का? डीडीआर४ रॅम डीडीआर५च्या खाचेत बसत नाही. कार्डची लांबी आणि कूलरची उंची कॅबिनेटमध्ये मावते का? मदरबोर्डचे बायॉस निवडलेला प्रोसेसर ओळखते का?

तिसरे, तारीख ठरवून यादी बंद करावी आणि सर्व भाग शक्यतो एकाच वेळी घ्यावेत. महिन्याला एक भाग घेतला, तर पहिला भाग बिघडलेला आहे हे कळेपर्यंत बदलून मिळण्याची मुदत संपते आणि वॉरंटीचे महिनेही खोक्यातच जातात. बॅबेज यांचे १२ हजार भाग असेच न वापरता गेले.

चौथे, आधी थोडे सुरू करून पाहावे. कॅबिनेटमध्ये बसवण्यापूर्वी मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर आणि एक रॅम लावावी. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसेल तर कार्डही लावावे. कूलरखालची प्लास्टिकची पट्टी काढायला आणि प्रोसेसरची वेगळी पॉवर केबल जोडायला विसरू नये. बायॉसचा पडदा दिसला, की अर्धी लढाई जिंकली. शेवटी मॉनिटरची केबल मदरबोर्डला नव्हे, ग्राफिक्स कार्डला लावावी.

रॅम, एसएसडी आणि कार्ड नंतरही बदलता येते. सुधारणा चालत्या पीसीत कराव्यात, कागदावरच्या नव्हे. बॅबेज यांचे शेकडो आराखडे आज अभ्यासकांपुरते उरले आहेत. १८३२ मध्ये जोडून झालेला तो एक सप्तमांश तुकडा मात्र लंडनच्या संग्रहालयात आहे आणि जवळपास दोनशे वर्षांनंतरही त्याची चाके बरोबर बेरीज करतात.