मातीची खरी शिल्लक

टेंभी नाक्याजवळच्या एका गल्लीत जुनी चाळ पाडली आणि त्या मोकळ्या जागेवर लोखंडी तिपाई उभी राहिली. दोरीने वर ओढलेला घण नळीच्या डोक्यावर धप्पकन पडे आणि एक मुलगा वहीत आकडा लिही. पाण्यासाठी बोअर मारताहेत, असे मला वाटले. चौकशी केली तेव्हा कळले, की ती मातीची तपासणी होती. साडेत्रेसष्ट किलोचा घण पाऊण मीटरवरून टाकायचा आणि नळी ३० सेंटिमीटर खाली जायला किती ठोके लागतात ते मोजायचे. ठोके कमी लागले, तर माती सैल.

मी घरी आलो तो जरा खजील होऊनच. बँकेत असताना गृहकर्जाच्या कितीतरी फायली माझ्या टेबलावरून गेल्या. सातबारा पाहिला, मंजूर नकाशा पाहिला, पगाराचा दाखला पाहिला. इमारत ज्या मातीवर उभी राहणार, तिचा अहवाल मात्र मी एकदाही मागितला नाही.

मातीला आधी विचारा, हे जगाला शिकवणारा माणूस म्हणजे कार्ल टेर्झागी. जन्म प्राग शहरातला, २ ऑक्टोबर १८८३ चा. वडील लष्करी अधिकारी. ते लवकर गेले. मुलगा लष्करी शाळांत वाढला आणि ग्राझला यंत्र अभियांत्रिकी शिकला. तिथे त्याच्या खोड्या इतक्या वाढल्या, की कॉलेजातून काढून टाकण्याची वेळ आली होती. पुढे धरणांची कामे करताना त्यांना एक गोष्ट सलू लागली. लोखंडाची ताकद गणिताने काढता येते, मातीची मात्र अंदाजानेच धरतात. उत्तर शोधायला ते अमेरिकेत गेले, धरणामागून धरण पाहत हिंडले, आणि निराश होऊन परतले.

उत्तर सापडले इस्तंबूलमध्ये. पहिले महायुद्ध संपल्यावर रॉबर्ट कॉलेजात शिकवताना त्यांनी सिगारचे रिकामे खोके आणि भंगारातल्या वस्तू जमवून प्रयोगशाळा थाटली. तिथल्या वर्षांच्या कष्टांतून १९२५ साली त्यांचा ग्रंथ निघाला आणि मृदायांत्रिकी हे नवे शास्त्र उभे राहिले.

त्यांचे मूळ तत्त्व मला बँकेच्या भाषेत चटकन समजते. खात्यावर लाख रुपये दिसतात. पण त्यांतले साठ हजार तारणापोटी अडकले असतील, तर हाती येणारी शिल्लक चाळीसच. जमिनीचेही तसेच. वरच्या भारातला काही वाटा मातीच्या दाण्यांमधले पाणी उचलते, उरलेला दाणे एकमेकांना टेकून उचलतात. जमिनीचा खरा आधार एवढाच, दाण्यांचा. सैल, ओली वाळू भूकंपात हादरली की दाणे घट्ट बसू पाहतात. मधल्या पाण्याला क्षणात बाहेर पडता येत नाही, त्याचा दाब चढतो. तो एकूण भाराइतका झाला, की शिल्लक शून्य. दाणे तरंगू लागतात आणि टणक जमीन पेजेसारखी होते. समुद्रकाठी मुले ओल्या वाळूत पाय हलवत राहतात आणि पावले आत जातात, त्याचेच हे अक्राळविक्राळ रूप.

कीर्ती निखळ सुखाची नव्हती. व्हिएन्नातले प्राध्यापक पॉल फिलुंगर यांनी १९३६ मध्ये टेर्झागींच्या शास्त्रावर जाहीर पत्रक काढून कडाडून हल्ला चढवला. चौकशी समितीचा कौल टेर्झागींच्या बाजूने लागला. पण १९३७ च्या मार्चमध्ये फिलुंगर पतिपत्नींनी जीवन संपवले. पुढच्याच वर्षी टेर्झागींनी व्हिएन्ना सोडले, ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. १९४८ मध्ये राल्फ पेक यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकाने ठोके मोजण्याची ती साधी चाचणी जगभरच्या अभियंत्यांच्या हाती दिली.

२५ ऑक्टोबर १९६३ रोजी ते वारले. पाच महिन्यांनी अलास्का हादरले आणि जून १९६४ मध्ये जपानचे निगाता. निगातात मजबूत बांधलेल्या इमारती न मोडता कलल्या, एखादी तर जवळजवळ आडवी झाली. दोष भिंतींचा नव्हता, खालच्या वाळूचा होता. १९७१ मध्ये हॅरी सीड आणि इद्रिस यांनी त्याच ठोक्यांवरून धोका जोखण्याची सोपी रीत बसवली. भूकंपाचा ताण किती येईल आणि माती किती सोसेल, यांचा तो ताळेबंद. तोटा दिसला, तर वाळू कंप देऊन दाबतात, पाण्याला वाट मिळावी म्हणून खडीचे खांब भरतात, किंवा इमारतीचा भार पाइल घालून खालच्या खडकावर नेतात.

आपला महाराष्ट्र काळ्या पाषाणाचा, त्याला कसली भीती, हा समज ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेने मोडला. २६ जानेवारी २००१ ला कच्छच्या रणात जमिनीतून पाणी आणि वाळू उसळली. कांडला बंदरातली कार्यालयाची उंच इमारत पाइलवर उभी असूनही कलली. ठाण्यातही खडक आहे, तसा खाडीकाठचा गाळ आहे आणि भरावही. चिकट गाळ वाळूसारखा सहज पातळ होत नाही. सैल, ओला वाळूचा भराव होऊ शकतो. कोणत्या प्लॉटखाली काय आहे, हे वरून दिसत नाही. भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत ही तपासणी कशी करावी ते दिलेले आहे.

आमच्या नात्यातले एक तरुण जोडपे सध्या घर पाहते आहे. मॉड्युलर किचन, पार्किंग, लिफ्ट, सगळे त्यांनी विचारून झाले. मी त्यांना आणखी एक कागद बिल्डरकडे मागायला सांगितला आहे. तो वाचायला अवघड गेला, तर अभियंत्याला दाखवा, पण मागा. माझ्या खुर्चीवरून तो मागायचा राहून गेला.