बेलबॉय जॉनी रोव्हेन्टिनी : ज्यांच्या हाकेने सिगारेट विकली गेली

जॉनी रोव्हेन्टिनी हे नाव आज आपल्या तरुणांना माहीत असण्याचे कारण नाही. पण एक काळ असा होता की अमेरिकेत घराघरात या कामगाराचा आवाज ओळखला जात होता.

त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, इटलीहून आलेल्या स्थलांतरितांच्या घरी झाला. उंची चार फुटांपेक्षा कमी. महामंदीच्या दिवसांत ते ‘न्यूयॉर्कर’ हॉटेलात बेलबॉय होते. पाहुण्यांच्या बॅगा उचलायच्या आणि कुणाचा निरोप आला की लॉबीभर फिरून त्याच्या नावाने हाक द्यायची, हे काम. मोबाईल नव्हते, खणखणीत आवाज हेच बेलबॉयचे हत्यार. हॉटेलवाले मात्र त्यांची ओळख जगातला सर्वात लहान बेलबॉय अशी करून देत. म्हणजे सिगारेट कंपनी यायच्या आधीच त्यांच्या उंचीचा बाजार मांडला गेला होता!

१९३३ साली जाहिरात व्यावसायिक मिल्टन बायो त्या लॉबीत आले. फिलिप मॉरिस यांना हाक द्या, असे त्यांनी जॉनींना सांगितले. हे सिगारेटचे नाव आहे याची जॉनींना कल्पना नव्हती. ते नेहमीप्रमाणे हाक देत फिरले. कोणीच पुढे आले नाही, येणार तरी कोण? पण न कळत परीक्षा झाली होती आणि ते पास झाले होते.

लवकरच ती लांबवलेली हाक रेडिओवर गेली, मागे संगीतकार ग्रोफे यांची धून. आठवड्याला १५ डॉलर कमावणाऱ्या या कामगाराला पुढे वर्षाला २०,००० डॉलर मिळू लागल्याचे सांगतात. लाल जॅकेट, गोल टोपीतले त्यांचे चित्र दुकानोदुकानी लागले. मागणी एवढी वाढली की कंपनीने ‘जॉनी ज्युनियर’ म्हणून आणखी ठेंगणी माणसे नेमली. पगार आवाजाचा, पण कंपनीला उंचीही तितकीच हवी होती, हे यावरून उघड दिसते. पुढे टीव्हीवरही ते दिसले.

ज्या मालासाठी ही हाक होती, तो माणसे मारणारा होता. १९६४ च्या सरकारी अहवालाने धूम्रपान आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाचा संबंध जाहीर केला. जानेवारी १९७१ पासून अमेरिकेत रेडिओ-टीव्हीवरील सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या. जॉनी १९७४ मध्ये निवृत्त झाले. साठी ओलांडली तरी कंपनीच्या लेखी ते ‘बॉय’च होते. ३० नोव्हेंबर १९९८ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.